हरिसालच्या आजीला द्यायचं राहिलेलं उत्तर

आजचं वाचन : पेत्राचं पहिलं पत्र, अध्याय ३, वचनं १५ व १६



आपल्या आशेमागचं कारण कुणी विचारलं तर सांगायची तयारी ठेवा, पण सांगताना आवाज चढू देऊ नका, समोरच्याचा मान राखा, असं पेत्र आज आपल्याला शिकवतो. या परीक्षेत मी मागच्याच आठवड्यात नापास झाले.

पुण्याहून घरी, धारणीला चालले होते. परतवाड्याला एसटी बदलली. शेजारी एक आजी बसली. माझ्या पिशवीतलं पवित्र शास्त्र तिला दिसलं आणि तिचे प्रश्न सुरू झाले. किरिस्ताव का तुम्ही? मग घरी इंग्रजीच बोलता का? साडी काहून नेसत नाही? घाट चढून सेमाडोह गेल्यावर तिने अगदी साधेपणाने शेवटचा प्रश्न विचारला, की धर्म बदलला तेव्हा तुमच्या घरच्यांना पैसे किती भेटले?

माझं डोकंच फिरलं. मी उत्तर दिलं नाही. कानात इयरफोन घातले आणि, आता लिहितानाही लाज वाटते, उपासनेचं गीत लावलं. हरिसालला ती उतरली. उतरताना माझ्या ओंजळीत मूठभर बोरं ठेवून गेली.

त्या रात्री झोप लागेना. तेव्हा पंडिता रमाबाई आठवल्या. त्या आजीचे सगळे प्रश्न त्यांना आयुष्यभर विचारले गेले होते, आणि तेही एकाच बाजूने नाही.

रमाबाईंचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे. बायकोला संस्कृत शिकवलं म्हणून त्यांना समाजाचा रोष पत्करावा लागला होता. आईने ते संस्कृत पुढे लेकीला दिलं. हे कुटुंब पुराण सांगत तीर्थोतीर्थी फिरत असे. दक्षिणेतल्या दुष्काळात आईवडील गेले. रमाबाई आणि त्यांचे भाऊ पायी फिरत १८७८ मध्ये कलकत्त्याला पोचले. तिथल्या विद्वानांनी या विशीतल्या मुलीला पंडिता आणि सरस्वती म्हणून गौरवलं. मग भाऊ गेला. त्यांनी जातीबाहेर लग्न केलं, बिपिन बिहारी मेधावी यांच्याशी. दोन वर्षांच्या आत तेही गेले. पदरी लहानगी मनोरमा. वय जेमतेम चोवीस.

आता आजीचा पैशांचा प्रश्न घेऊ. रमाबाई १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या, त्या प्रवासाला स्वतःच्या स्त्रीधर्मनीति या मराठी पुस्तकाच्या विक्रीचे पैसे उपयोगी पडले. वाँटेज इथे धर्मभगिनींकडे राहिल्या, तेव्हा त्यांना मराठी शिकवून आपल्या राहण्याखाण्याची परतफेड केली. तिथेच २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी आणि मनोरमेने बाप्तिस्मा घेतला. त्यातून काय मिळालं? पुण्यात टीका झाली, जुनी माणसं दुरावली.

पण मला जास्त भिडते ती दुसरी बाजू. ज्यांनी त्यांना प्रभूची ओळख करून दिली, त्यांच्याही मनात ख्रिस्ती बाईचं एक ठरलेलं चित्र होतं. रमाबाई मांस खात नव्हत्या; ते काही भगिनींना जातीचा अभिमान वाटायचा. क्रूसावर लॅटिन अक्षरं का, संस्कृत का नाहीत, असं त्यांनी विचारलं. त्रैक्याच्या शिकवणीवर तर त्यांनी पत्रांतून वाद घातला, आणि पटल्याशिवाय मान डोलवायचं नाकारलं. म्हणजे पुण्यात म्हणत होते की ही परकी झाली, आणि इंग्लंडात वाटत होतं की ही पुरेशी ख्रिस्ती झालीच नाही. रमाबाईंनी दोन्ही चित्रं बाजूला ठेवली. शेवटपर्यंत पांढरी साडी, शाकाहार आणि प्रभू येशू.

परत येऊन त्यांनी मार्च १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढलं, विधवांसाठी. पुढच्या वर्षी ते पुण्याला नेलं. इथे मात्र मी तुमच्यापासून काही लपवणार नाही. सदनाला अमेरिकेतून मदत येत होती आणि तिथे धर्म शिकवला जाणार नाही असं ठरलं होतं. रमाबाई आपल्या खोलीत दार उघडं ठेवून प्रार्थना करत. काही मुली येऊन बसू लागल्या. १८९३ मध्ये त्यावरून वादळ उठलं. रानडे, भांडारकरांसारखे हितचिंतक सल्लागार मंडळातून बाहेर पडले, अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. पुढे काही मुलींनी बाप्तिस्माही घेतला. त्या पालकांची भीती अगदीच हवेतली होती, असं मी म्हणू शकत नाही.

पण त्याच सदनात गोदूबाई नावाची एक बालविधवा शिकत होती. तिने १८९३ मध्ये धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह केला आणि ती आनंदीबाई कर्वे झाली. रमाबाईंच्या सहवासात वर्षं काढून ती हिंदूच राहिली, आणि रमाबाईंनी तिच्यावर केलेली माया त्यामुळे कमी झाली नाही. आपली सेवा खरी आहे का, हे ओळखायची याहून चांगली कसोटी मला माहीत नाही. समोरचा आपल्यासारखा झाला नाही, तरी आपलं प्रेम टिकतं का?

आणि देशाचं काय? १८८९ च्या मुंबईच्या काँग्रेस अधिवेशनात प्रतिनिधी म्हणून बसलेल्या मोजक्या स्त्रियांत रमाबाई होत्या. १८९७ मध्ये पुण्यात प्लेगच्या बंदोबस्तात बायकांचे हाल झाले, तेव्हा त्यांनी इंग्रज सरकारवर उघड टीका केली. धर्म साहेबांचा म्हणून साहेबांपुढे मान झुकवायची, हे त्यांना कधी जमलंच नाही.

त्याच सुमाराचा दुष्काळ. रमाबाई मध्य प्रांतात गेल्या, म्हणजे आमच्या मेळघाटच्या पलीकडे, उत्तरेला लागून असलेल्या मुलखात. उपाशी, बेवारस अशा सुमारे ३०० मुलींना त्यांनी आणलं. केडगावला मुक्ती उभी राहिली, ती अशा मुलींच्या हातांनी. शेती, विणकाम, छापखाना, सगळं त्या शिकल्या. लहानपणी स्वतः भुकेने होरपळलेली बाई दुसऱ्यांच्या लेकरांची आई झाली.

शेवटी भाषेचा प्रश्न. संस्कृतची ही पंडिता उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकली, कशासाठी? तर साध्या बायकांना कळेल अशा मराठीत पवित्र शास्त्र आणण्यासाठी. जुळणी आणि छपाई मुक्तीतल्या मुलींनी केली. १९२१ मध्ये मनोरमा गेली, तरी त्यांनी काम सोडलं नाही. ते पुरं करून ५ एप्रिल १९२२ रोजी त्या प्रभूकडे गेल्या.

मी विचार करत राहिले. त्या आजीने मला विचारलं, त्यात द्वेष नव्हता. तिला कुणीतरी तसं सांगितलं होतं, आणि तिच्या शेजारी बसलेल्या पहिल्या ख्रिस्ती मुलीने कानात इयरफोन घातले. म्हणजे परकेपणाचा तिचा समज मीच पक्का करून दिला. आपण सोशल मीडियावर रमाबाईंचा फोटो टाकून अभिमान मिरवतो. पण त्यांचा धीर? दार उघडं ठेवायची त्यांची सवय? ते आपल्यात आहे का?

आजीला मला सांगायचं होतं की आई, आम्ही घरी वऱ्हाडीच बोलतो, रागावलो तर जास्तच. पैसे कुणी दिले नाहीत. दुखण्यात, अडचणीत येशू भेटला, म्हणून त्याचे झालो. तुम्ही बोरं दिली ना, तसंच, फुकट मिळालं. एवढंच उत्तर होतं. हरिसाल यायच्या आत सांगून झालं असतं.

आज करून पाहा : ऑफिसात, हॉस्टेलवर कुणी आपल्या विश्वासाबद्दल वेडावाकडा प्रश्न विचारला, तर आधी त्या माणसाचं नाव-गाव विचारा. मग उत्तर द्या.

प्रार्थना : प्रभू, माझा दुखावलेला अभिमान तू पाहिलास. मला क्षमा कर. माझ्या शेजारी बसणाऱ्याला माझ्यात तू दिसू दे. त्या आजीला सुखरूप ठेव, आणि जमलं तर पुन्हा त्याच एसटीत आमची भेट घडव. येशूच्या नावाने मागते. आमेन.