सार्वजनिक काका

पदरमोड करून लोकांची कामे करणाऱ्या माणसाला आपल्याकडे थट्टेने सार्वजनिक काका म्हणतात. पण या नावाचा एक खराखुरा थोर माणूस पुण्यात होऊन गेला. त्यांचे नाव गणेश वासुदेव जोशी. आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनानिमित्त त्यांच्याविषयी चार शब्द लिहावे असे मनात आले. मी सातवीपर्यंत शिकलेली साधी गृहिणी. चुकले तर सांभाळून घ्यावे.

काकांचा जन्म सातारा येथे 1828 साली झाला. पुढे पुण्यास येऊन ते वकिली करू लागले. त्या वेळी पर्वतीच्या देवस्थानाचा कारभार पंचांच्या हाती होता व त्यावर लोक नाराज होते. सरकारकडे दाद मागावी असे ठरले. पण तेथे एक प्रश्न उभा राहिला. अर्ज करणारे हे कोण? यांना लोकांच्या वतीने बोलण्याचा अधिकार कोणी दिला?

दुसरा कोणी असता तर रागावून घरी बसला असता. काकांनी मात्र त्या प्रश्नाचे उत्तर शोधले. 2 एप्रिल 1870 रोजी पुण्यात सार्वजनिक सभा स्थापन झाली. तिचा नियम असा की, ज्याला सभासद व्हायचे त्याने निदान 50 लोकांचे मुखत्यारपत्र आणावे, म्हणजे आमच्या वतीने याने बोलावे अशी त्यांची लेखी संमती. असे 95 सभासद झाले व त्यांच्या मागे सुमारे सहा हजार लोक उभे राहिले. औंधचे श्रीमंत पंतप्रतिनिधी अध्यक्ष झाले, पण धावपळ सारी काकांची. तेव्हापासून लोक त्यांना सार्वजनिक काकाच म्हणू लागले. पुढच्याच वर्षी न्यायमूर्ती रानडे पुण्यास आले. रानड्यांची बुद्धी व काकांची मेहनत अशी जोडी जमली.

काकांची कामाची रीत नीट पाहण्यासारखी आहे. आधी लोकांत जावे, विचारावे, मोजावे आणि मग सरकारला लिहावे. 1872 साली सभेने शेतकऱ्यांच्या स्थितीची चौकशी केली. 1876-77 चा मोठा दुष्काळ पडला तेव्हा सभेची माणसे गावोगाव फिरली. पाऊस किती झाला, पीक किती बुडाले, गुरांचे काय झाले, ही माहिती गोळा करून त्यांनी सरकारला पत्रांमागून पत्रे पाठवली. दुष्काळी कामावरची मजुरी सरकारने कमी करून दिवसाला एक रत्तल धान्याची किंमत व वर थोडे पैसे अशी ठरवली. एक रत्तल म्हणजे आजच्या अर्ध्या किलोलाही कमी. खडी फोडणाऱ्या बाईने त्यात काय खावे आणि पोराला काय घालावे? मजुरांनी कामे सोडली तेव्हा सभा त्यांच्या बाजूने बोलली. सरकारने सगळेच ऐकले असे नाही. पण सरकारचे कागद एक सांगत व सभेचे कागद दुसरे, त्यामुळे खरे काय ते लपून राहिले नाही.

काका बोलत तसेच वागत. 1872 साली त्यांनी स्वदेशीचे व्रत घेतले व स्वतः कातलेल्या सुताचे कपडे वापरू लागले. गांधीजी तेव्हा अगदी लहान होते. 1877 च्या दिल्ली दरबारात राजेमहाराजे भरजरी पोषाखात आले, तर काका आपल्या खादीतच सभेचे मानपत्र घेऊन गेले. मानपत्रात नुसती स्तुती नव्हती, इंग्रज प्रजेसारखेच हक्क येथील लोकांना द्यावेत ही मागणीही होती. 1879 साली वासुदेव बळवंत फडके यांच्यावर खटला झाला. त्यांच्या बाजूने उभे राहणे म्हणजे सरकारची इतराजी ओढवून घेणे. तरी काकांनी त्यांचे वकीलपत्र घेतले.

त्यांच्या पत्नी सरस्वतीबाईही मागे नव्हत्या. त्यांनी पुण्यात स्त्री-विचारवती सभा काढली व हळदीकुंकवाला सर्व जातींच्या बायका बोलावल्या. त्या काळी हे किती कठीण, ते आपल्या आज्या-पणज्यांच्या गोष्टी ऐकलेल्यांना सांगायला नको.

25 जुलै 1880 रोजी काका वारले. सभा मात्र राहिली. 1885 साली काँग्रेसचे पहिले अधिवेशन पुण्यातच भरायचे होते व यजमान हीच सभा होती. पटकीच्या साथीमुळे ते मुंबईस गेले.

आपल्या गल्लीतील पाण्यासाठी आपण पहिला अर्ज दिला तेव्हा त्यावर आम्हा तिघींच्याच सह्या होत्या. तुम्ही कोणाच्या वतीने आलात, असे विचारून आम्हाला परत पाठवले. मला फार अपमान वाटला होता. मग आपण घरोघर गेलो. कोणाच्या नळाला किती वेळ पाणी येते ते वहीत लिहिले व प्रत्येकीची सही घेतली. दुसऱ्या खेपेला आम्हाला बसायला खुर्ची मिळाली. पाणी अजून पुरेसे येत नाही. पण काकांचे चरित्र वाचल्यावर तो प्रश्न मला अपमानाचा वाटेनासा झाला. तो विचारला जाणारच. उत्तर आपल्या वहीत हवे. ती वही मंडळाच्या कपाटात आहे. या वर्षी तिच्यात पुन्हा नव्याने नोंदी करायच्या आहेत, तेव्हा प्रत्येकीने एक एक चाळ वाटून घ्यावी ही विनंती.