कालव्याचं पाणी आधी नकाशावर वाटणारे विश्वेश्वरय्या

तिलारीच्या कालव्याकाठी राहणाऱ्याला डावा कालवा, उजवा कालवा, शाखा, वितरिका हे शब्द समजावून सांगावे लागत नाहीत. आपली जमीन कुठल्या चारीवर आणि गेटपासून किती लांब, यावरच वायंगण करायचं की नाही ते ठरतं. पाणी कुठे फुटणार, कोणाच्या शेतात जाणार हे आधी नकाशावर पक्कं करायचा आग्रह सव्वाशे वर्षांपूर्वी पुणे जिल्ह्यात एका इंजिनिअरने धरला. ते मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या. १५ सप्टेंबरचा अभियंता दिन त्यांच्याच जन्मदिवसाचा.

जन्म १८६१ चा, कर्नाटकातल्या मुद्देनहळ्ळीत. वडील लहानपणीच गेले. शिकवण्या करत बंगळुरात बी.ए. झाले, मग म्हैसूरची स्कॉलरशिप मिळवून पुण्यात इंजिनिअरिंग केलं. १८८४ साली मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात लागले. नाशिकला पहिली नेमणूक, आणि सुरुवातीच्याच कामात धुळ्याकडे पांझरेच्या खोऱ्यात नळाचा सायफन. त्या पांझरेवर फड पद्धत फार जुनी. गावची भिजणारी जमीन फडांत वाटायची आणि एका फडात एकच पीक घ्यायचं.

पुढे पुण्याला बदली झाली. तिथे नीरा कालव्यावर वेगळीच गत होती. हेडकडचे शेतकरी उसाला हवं तेवढं पाणी सोडत, त्यांच्या जमिनी पाणथळ आणि खारवट होत, आणि टेलकडचे वाट बघत बसत. भिजणारी शेतं विखुरलेली, त्यामुळे लांबलांब चाऱ्यांतच निम्मंअधिक लक्ष जाई आणि पाणी मुरून जाई.

विश्वेश्वरय्यांनी ब्लॉक पद्धत आणली. गावातली निचऱ्याची, चांगली जमीन एका पट्ट्यात धरायची, तिची हद्द नकाशावर आखायची आणि त्या ब्लॉकला ठराविक वर्षं पाण्याची हमी द्यायची. साधारण तिसरा हिस्सा ऊस, बाकी हंगामी पिकं, आणि पाणी पाळीनेच. दिसायला हा फडाचाच भाऊ. पण उसावर पैसा मिळवणाऱ्यांना तो कसा पटावा? जोरदार विरोध झाला. त्यात त्यांचं नुकसान होतं हेही खरंच. विश्वेश्वरय्यांनी शेतकऱ्यांशी बैठका घेतल्या, पद्धत समजावली आणि हळूहळू ती लागू झाली.

१९०३ मध्ये खडकवासल्याला त्यांनी आपोआप उघडणारे दरवाजे बसवले. भिंत न वाढवता तलावात जास्त पाणी साठू लागलं. त्यानंतरचं सगळ्यांना माहीत आहे: म्हैसूरचे दिवाण, कृष्णराजसागर धरण, १९५५ चा भारतरत्न. एप्रिल १९६२ मध्ये, वयाची शंभरी गाठून, बंगळुरात ते गेले.

नीरा डाव्या कालव्यावर बारामती-इंदापूरकडे आजही माणसं शेताचा पत्ता फाट्याच्या नंबरावरून सांगतात.