माणूस आधी, इमारत मागून

२४ जानेवारी हा दिवस मुंबईकरांच्या स्मरणात राहावयास हवा; पण तो तसा राहिलेला नाही. १९६६ साली या दिवशी एअर इंडियाचे विमान आल्प्स पर्वतातील माँ ब्लाँवर आदळले आणि त्यातील ११७ जण मृत्युमुखी पडले. त्यांत डॉ. होमी जहांगीर भाभा होते. त्यांचे वय अवघे ५६ होते. अणुशक्ती आयोगाचे अध्यक्ष म्हणून देश त्यांना ओळखत होता, आणि आजही तुर्भ्याच्या अणुभट्ट्यांवरूनच त्यांचे नाव घेतले जाते. आमच्या मते त्यांचे अधिक मोलाचे काम त्याआधीचे आणि अधिक अबोल असे आहे. ज्यातून उद्या काय हाती लागेल हे आज सांगता येत नाही, अशा शुद्ध ज्ञानासाठी एका दरिद्री, परतंत्र देशात त्यांनी संस्था उभारली, हे ते काम होय.

भाभांचा जन्म ३० ऑक्टोबर १९०९ रोजी याच शहरात, एका सुखवस्तू पारशी कुटुंबात झाला. वडील बॅरिस्टर, आत्या सर दोराबजी टाटांची पत्नी. कॅथीड्रल शाळा, एल्फिन्स्टन कॉलेज आणि रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स अशा पायऱ्या चढून १९२७ साली ते केंब्रिजला गेले. मुलाने अभियंता व्हावे आणि जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात काम करावे, ही घरची इच्छा होती. मुलाचे मन मात्र भौतिकशास्त्रात गुंतले होते. अभियांत्रिकीत पहिला वर्ग मिळाल्यास पुढे गणित शिकण्यास मोकळीक द्यावयाची, असा करार पितापुत्रांत झाला. १९३० मध्ये पुत्राने आपला शब्द पुरा केला आणि पित्यानेही आपला पाळला. मुलांच्या भवितव्याची आखणी करणाऱ्या आमच्या मध्यमवर्गीय पालकांनी यातील दुसरा भाग विशेष ध्यानात घ्यावा.

पुढील काही वर्षांत भाभांनी सैद्धांतिक भौतिकशास्त्रात स्वतःचे स्थान निर्माण केले. इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन हे कण एकमेकांवर आपटून कसे विखुरतात, याचे त्यांनी मांडलेले गणित आजही त्यांच्याच नावाने ओळखले जाते. अवकाशातून येणारा एखादा विश्वकिरण वातावरणात शिरल्यावर त्याच्यापासून कणांचा वर्षाव कसा होतो, याची उपपत्ती त्यांनी हाइटलर यांच्यासह १९३७ मध्ये दिली. १९३९ साली ते सुटीसाठी मायदेशी आले आणि युद्ध पेटले. परतीची वाट बंद झाली. बंगलोरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये त्यांनी काम पत्करले. तेथे रामन होते. १९४१ साली भाभा रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. युद्ध संपताच युरोपात परतावे आणि बोर, पाउली यांच्या सहवासात उरलेले आयुष्य घालवावे, हा मार्ग त्यांना मोकळा होता. तसे न करता, परदेशात मिळणारे वातावरण येथेच निर्माण करणे हे आपले कर्तव्य आहे, या निर्णयाप्रत ते आले.

१२ मार्च १९४४ रोजी त्यांनी दोराबजी टाटा ट्रस्टला पत्र लिहिले. भौतिकशास्त्राच्या मूलभूत प्रश्नांवर काम करणारी, प्रथम दर्जाची संस्था देशात नाही. ती आता स्थापन केली, तर काही दशकांनी अणुशक्ती वापरण्याची वेळ येईल तेव्हा हिंदुस्थानला तज्ज्ञ बाहेरून आणावे लागणार नाहीत, असा त्यातील आशय होता. हे पत्र हिरोशिमापूर्वीचे आहे, हे विसरता कामा नये. जे. आर. डी. टाटांचा पाठिंबा होताच. ट्रस्टने मागणी मान्य केली आणि मुंबई सरकारही सहभागी झाले. जून १९४५ मध्ये बंगलोरला काम सुरू झाले आणि त्याच वर्षी १९ डिसेंबरला मुंबईत पेडर रोडवरील ‘केनिलवर्थ’ या बंगल्यातील काही भाड्याच्या खोल्यांत टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे रीतसर उद्घाटन झाले. पहिल्या वर्षाचे अंदाजपत्रक होते ८० हजार रुपयांचे.

१९४९ साली संस्था गेटवेजवळच्या जुन्या यॉट क्लबच्या इमारतीत गेली. जागा अपुरी पडू लागली, तेव्हा कुलाब्याच्या लष्करी बराकींतही प्रयोग चालले. १९५४ मध्ये पंडित नेहरूंनी कुलाब्याच्या टोकाला कोनशिला बसविली आणि जानेवारी १९६२ मध्ये त्यांच्याच हस्ते आजच्या वास्तूचे उद्घाटन झाले. म्हणजे जन्मानंतर सोळा वर्षे या संस्थेला स्वतःचे घर नव्हते. त्या बेघर वर्षांत मात्र तिचे गणित विभागाचे नाव जगभर झाले होते, कोलारच्या सोन्याच्या खाणींत खोलवर विश्वकिरणांचे मापन सुरू झाले होते, आणि देशी बनावटीचा अंकीय संगणक तिच्या तरुणांनी तयार केला होता. पुण्याहून आगगाडीने ये-जा करणारे दामोदर धर्मानंद कोसंबी याच संस्थेत गणिताचे काम करीत होते. भाभांची रीत सरळ होती. आधी पद निर्माण करून मग त्यात माणूस बसवावयाचा नाही. योग्य माणूस शोधावयाचा आणि त्याच्याभोवती विभाग वाढू द्यावयाचा. आजकाल आमच्याकडे नेमके उलटे घडते. भूमिपूजन होते, इमारत उठते, फलक लागतो आणि अध्यापकांच्या जागा वर्षानुवर्षे रिकाम्या राहतात.

भाभा हे केवळ शास्त्रज्ञ नव्हते. ते चित्रे काढीत, पाश्चात्त्य संगीतात रमत, आणि बांधकामाच्या आड येणारी झाडे तोडण्याऐवजी मुळांसकट हलवून दुसरीकडे लावीत. संस्थेच्या भिंतींवर त्यांनी त्या काळच्या तरुण चित्रकारांची चित्रे लावली. विज्ञान ही संस्कृतीचीच एक शाखा आहे, हे त्यांनी अशा कृतींतून सांगितले.

तथापि गौरव करताना विवेक सोडता येत नाही. डॉ. मेघनाद साहांनी त्या काळीच आक्षेप घेतला होता. संशोधन विद्यापीठांत व्हावे. ते वेगळ्या संस्थांत नेले, तर विद्यापीठे निस्तेज होतील, असे त्यांचे मत होते. गेल्या साठसत्तर वर्षांचा अनुभव पाहता साहांची भीती अनाठायी होती असे म्हणवत नाही. कुलाब्यात जागतिक कीर्तीचे संशोधन होत राहिले. पण ज्या महाविद्यालयांतून भाभा स्वतः वर आले, तशा महाविद्यालयांतील विज्ञानाच्या विद्यार्थ्याला संशोधक क्वचितच भेटतो. दोष भाभांच्या संस्थेचा नाही. एक दिवा लागला म्हणून बाकीच्या दिव्यांत तेल घालण्याचे थांबविणाऱ्यांचा आहे.

ही दरी बुजविण्याचा प्रयत्न संस्थेतूनच झाला, हे नमूद केले पाहिजे. प्रा. भा. मा. उदगावकर हे तेथील सैद्धांतिक भौतिकशास्त्रज्ञ. त्यांच्या पुढाकाराने १९७४ साली होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र सुरू झाले, तेही नाना चौकातील महापालिका शाळेच्या इमारतीत. महापालिकेच्या शाळांतील वंचित थरांतल्या मुलांना योग्य मार्गदर्शन मिळाल्यास ती किती पुढे जातात, हे या केंद्राने प्रत्यक्ष दाखवून दिले. गिरगाव-दादरच्या सुशिक्षित घरांतील मुलांप्रमाणेच परळ-लालबागच्या कामगार वस्तीतील मुलेही या संस्थेची वारस आहेत, ही जाणीव त्यामागे होती.

आज देश आपल्या उत्पन्नाचा एक टक्काही संशोधनावर खर्च करीत नाही, आणि जो होतो त्यालाही ताबडतोब उपयोग काय, हा प्रश्न विचारला जातो. १९४४ साली हा प्रश्न विचारून भाभांचे पत्र कोणी दप्तरी ठेवले असते, तर नंतरच्या अणुशक्ती कार्यक्रमाला माणसे मिळाली नसती. उद्योगपतींनी विश्वास ठेवावा, सरकारने पैसा द्यावा आणि कारभारात ढवळाढवळ करू नये, विद्यापीठांनी रिकाम्या जागा गुणवंतांनी भराव्यात, आणि पालकांनी मुलाच्या ओढीला एक संधी द्यावी: भाभांच्या चरित्रातून निघणारे धडे हे एवढेच आहेत. त्यांतील एकही आमच्या आवाक्याबाहेरचा नाही.