झाशीच्या राणीसाहेबांचा रोजचा सराव

आपल्या जिल्ह्यातील लांजे तालुक्यात कोट नावाचे गाव आहे. झाशीचे नेवाळकर घराणे मूळचे तिथले. त्या नात्याने राणी लक्ष्मीबाई आपल्याकडच्या सूनबाई होतात. त्यांची लढाई आपण शाळेत शिकलो. लढाईपूर्वी त्यांनी वर्षानुवर्षे जो सराव केला, त्याबद्दल मात्र आपण कमी बोलतो, म्हणून आज तेवढेच लिहिते.

मोरोपंत तांबे यांची ही मुलगी, मनु, काशीला जन्मली. आई लहानपणीच गेली. वडील दुसऱ्या बाजीराव पेशव्यांच्या आश्रयाला ब्रह्मावर्तास होते, तिथे ती वाढली. घोड्यावर बसणे, तलवार फिरवणे आणि बंदूक-पिस्तुलाचा नेम धरणे हे तिला पोरवयातच शिकायला मिळाले. त्या काळी मुलीच्या वाट्याला हे सहसा येत नसे.

१८४२ साली तिचे गंगाधरराव नेवाळकरांशी लग्न झाले. १८५१ मध्ये मुलगा झाला, तो चार महिन्यांत गेला. नोव्हेंबर १८५३ मध्ये आदल्या दिवशी दत्तक घेऊन गंगाधररावांनीही डोळे मिटले. इंग्रजांनी दत्तक नामंजूर केला, १८५४ मध्ये संस्थान खालसा केले आणि दरमहा पाच हजार रुपये तनखा ठरवला. राज्य गेले, कुंकू गेले, पदरात दत्तक मूल. अशा वेळी कोणीही बाई खोलीत बसून राहिली असती तर तिला दोष कोण देता?

राणीसाहेब बसून राहिल्या नाहीत. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे पुढे काही काळ झाशीत होते. त्यांनी लिहून ठेवले आहे की बाईसाहेब पहाटे उठत, मल्लखांब करीत, मग घोडा फिरवीत आणि त्यानंतर स्नान, पूजा व दानधर्म चाले.

या मेहनतीचा नेमाशी काय संबंध, असे कोणी विचारील. त्या काळची साधी पिस्तुले ठासणीची असत. नळीच्या तोंडातून मोजून दारू घालायची, वर शिशाची गोळी ठेवायची, गजाने ठासायची, टोपी बसवायची, घोडा चढवायचा आणि मग चाप ओढायचा. एवढे करून बार एकच! चुकला तर पुन्हा सगळे पहिल्यापासून. नळी आखूड, त्यामुळे हात तांदळाच्या दाण्याएवढा हलला तरी वीस पावलांवर गोळी वीतभर बाजूला जाते. म्हणून मनगट, खांदा आणि श्वास ताब्यात हवेत. चाप हिसडला की नळीचे तोंड फिरते. तो हळूहळू दाबावा लागतो. बार कानाशी होणार हे ठाऊक असूनही डोळा मिटू द्यायचा नाही. हे सांगून येत नाही, रोज करूनच अंगवळणी पडते.

जून १८५७ मध्ये झाशीच्या फौजेने उठाव केला आणि पुढे कारभार राणीसाहेबांच्या हाती आला. ओरछ्याची फौज चालून आली, तिला त्यांनी परतवले. मार्च १८५८ मध्ये सर ह्यू रोज याने वेढा घातला. गुलाम घौस खान तोफा चालवीत होता. शहरातल्या बायका तोफांपाशी राबत होत्या, दारूगोळा वाहून नेत होत्या, हे खुद्द इंग्रजांनी नोंदवले आहे. ३ एप्रिलला इंग्रज शहरात घुसले. ४ तारखेच्या रात्री दत्तक मुलाला घेऊन राणीसाहेब घोड्यावरून बाहेर पडल्या आणि सुमारे शंभर मैलांची दौड करून काल्पीला पोहोचल्या. एवढी दौड एका रात्रीत शिकता येत नाही. पहाटेच्या त्या मेहनतीनेच त्यांना तारले. जूनमध्ये ग्वाल्हेरजवळ कोटा-की-सराय येथे लढताना त्यांना वीरमरण आले.

आज पिस्तुले बदलली, पण रीत तीच आहे. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलात सुवर्णपदक मिळवले. तो मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला नेमबाज. असे खेळाडू रोज तासन् तास नेमबाजीच्या मैदानावर उभे राहतात आणि घरी रिकामे पिस्तूल भिंतीकडे धरून नुसता चाप दाबण्याचाही सराव करतात. बार नसल्याने हात कुठे हलतो ते लगेच दिसते.

आपल्यापैकी कोणाच्या मुलीला वा नातीला या खेळाची हौस असेल, तर मुलीच्या जातीला हे कशाला, असे म्हणून तिला अडवू नये. जाणत्या शिक्षकाच्या नजरेखाली शिकू द्यावे. आणि पहिल्या महिन्यात नेम लागला नाही म्हणून तिचे नाव काढून घेऊ नये. कोटच्या सूनबाईंनीही पोरवयापासून वर्षानुवर्षे हात घोटला होता.