ब्लेझ पास्कल: ज्याच्या नियमावर तुमच्या गाडीचा ब्रेक चालतो

तुमच्याकडे डिस्क ब्रेकवाली बाईक असेल किंवा घरात कार असेल, तर ब्रेक दाबताना तुम्ही लावलेली ताकद एका द्रवातून चाकापर्यंत जाते. गॅरेजमध्ये त्याला ब्रेक ऑइल म्हणतात, डब्यावर ब्रेक फ्लुइड असं लिहिलेलं असतं. बंद नळीतला द्रव ही ताकद कशी पोहोचवतो, हे साडेतीनशे वर्षांपूर्वी एका फ्रेंच माणसाने हिशोबासकट मांडलं. त्याचं नाव ब्लेझ पास्कल. तो जेमतेम ३९ वर्षं जगला आणि मोटारगाडी त्याने कधी पाहिली नाही. तरी जुनं झालेलं ब्रेक ऑइल धोक्याचं का असतं, याचं उत्तर त्याच्याच हिशोबात सापडतं. चला तर मग, आधी त्याच्याबद्दल जाणून घेऊया.

गणिताची पुस्तकं लपवली तरी

पास्कलचा जन्म १९ जून १६२३ रोजी फ्रान्समधल्या क्लेरमाँ या गावी झाला. तो तीन वर्षांचा असतानाच आई गेली. वडील एतिएन सरकारी अधिकारी होते आणि स्वतः गणिताचे जाणकार होते. १६३१ मध्ये ते ब्लेझ आणि त्याच्या दोन बहिणी, जिल्बर्त आणि जॅकलीन, यांना घेऊन पॅरिसला आले. मुलाला त्यांनी शाळेत न घालता घरीच शिकवलं. त्याने आधी भाषा पक्क्या कराव्यात म्हणून गणिताची पुस्तकं त्याच्यापासून लांब ठेवली.

झालं उलटंच! बहीण जिल्बर्तने लिहून ठेवलंय की बाराव्या वर्षी हा मुलगा जमिनीवर कोळशाने आकृत्या काढून स्वतःच भूमिती शोधत बसला होता. मग वडिलांनी पुस्तकं हातात दिली. सोळाव्या वर्षी त्याने शंकुच्छेदांवर निबंध लिहिला, तो १६४० मध्ये छापला गेला.

हातचा आपोआप घेणारं मशीन

पुढे वडिलांना रुआं शहरात करवसुलीचं काम मिळालं. रात्र रात्र आकडेमोड चालायची. त्यात फ्रेंच चलन म्हणजे २० सूचं एक लिव्र आणि १२ दनिएचा एक सू. आपल्या जुन्या रुपये-आणे-पैसारखाच गुंता! १६४२ मध्ये, १९ वर्षांच्या पास्कलने बेरीज-वजाबाकी करणारं यंत्र बनवायला घेतलं.

खरी अडचण होती हातच्याची. एक चाक ९ वरून ० वर आलं की पुढचं चाक आपोआप एक घर सरकायला हवं, आणि ९९९ मध्ये १ मिळवला तर सगळी चाकं एकामागून एक फिरायला हवीत. पास्कलने प्रत्येक चाकाजवळ एक वजनदार खटका बसवला. चाक फिरताना तो वर उचलला जायचा आणि वेळ आली की स्वतःच्या वजनाने पडून पुढच्या चाकाला ढकलायचा. मनासारखं यंत्र होईपर्यंत त्याने सुमारे ५० नमुने बनवले. आजच्या भाषेत सांगायचं तर ५० प्रोटोटाइप! १६४९ मध्ये ते बनवण्याचा खास हक्क त्याला राजाकडून मिळाला. पण यंत्र महाग होतं, त्यामुळे फारसं विकलं गेलं नाही. निकलाउस वर्थने १९७० मध्ये आपल्या प्रोग्रॅमिंग भाषेला पास्कल हे नाव दिलं, ते याच माणसावरून.

एक नळी डोंगरावर, एक पायथ्याशी

त्या काळी युरोपातले बहुतेक विद्वान मानत की निसर्गात पोकळी असूच शकत नाही. इटलीतल्या टॉरिचेलीच्या प्रयोगात मात्र पाऱ्याने भरलेली नळी वाटीत उलटी केली की पारा थोडा खाली यायचा आणि वर जागा रिकामी राहायची. पारा मग तरी एका उंचीवर का थांबतो? पास्कलला वाटत होतं की बाहेरच्या हवेचं वजन त्याला धरून ठेवतं. तसं असेल तर उंचावर, जिथे डोक्यावर हवा कमी, तिथे पारा आणखी खाली उतरायला हवा.

हे वाद घालून सुटणारं नव्हतं, मोजूनच सुटणार होतं. पास्कलची तब्येत कायम नाजूक असायची, म्हणून त्याने मेहुणा फ्लोराँ पेरिये याला काम सांगितलं. १९ सप्टेंबर १६४८ रोजी पेरिये काही साक्षीदार घेऊन क्लेरमाँजवळच्या प्वी द डोम या डोंगरावर चढला. खाली पारा २६ इंचांच्या थोडा वर होता, माथ्यावर तो २३ इंचांच्या आसपास आला. जवळजवळ तीन इंचांचा फरक!

यातली सगळ्यात हुशारीची गोष्ट पायथ्याशी होती. तशीच दुसरी नळी खाली मठाच्या बागेत ठेवली होती आणि एक धर्मगुरू दिवसभर तिच्यावर लक्ष ठेवून होते. तिच्यातला पारा हलला नाही. म्हणजे माथ्यावर दिसलेला फरक हवामान बदलल्याने आलेला नव्हता, तो उंचीमुळेच होता.

आज अनेक स्मार्टफोनमध्ये बॅरोमीटर सेन्सर असतो आणि तो हवेचा दाब हेक्टोपास्कलमध्ये दाखवतो. दाबाच्या एककाला पास्कल हे नाव १९७१ मध्ये मिळालं.

शंभर माणसांची ताकद

यानंतर पास्कलने द्रवांच्या समतोलावर एक ग्रंथ लिहिला. तो त्याच्या मृत्यूनंतर, १६६३ मध्ये छापला गेला. त्यातली मुख्य कल्पना सोपी आहे: बंद भांड्यातल्या द्रवावर एका ठिकाणी दाब दिला की तो सगळीकडे सारखाच पोहोचतो. भांड्याला दोन तोंडं आहेत, एक लहान आणि दुसरं त्याच्या शंभरपट मोठं, आणि दोन्हींत दट्ट्या बसवलाय असं समजा. लहान दट्ट्यावर एकाच माणसाने जोर लावला तर तो मोठ्या दट्ट्यावरच्या शंभर माणसांना तोलून धरतो.

पण फुकट काहीच मिळत नाही, हेही त्याने तिथेच दाखवलं. मोठा दट्ट्या एक इंच सरकायला लहान दट्ट्या शंभर इंच दाबावा लागतो. ताकद वाढते, पण अंतर घटतं. हा मुद्दा लक्षात ठेवा, थोड्याच वेळात लागणार आहे.

१६५४ मध्ये पास्कलने फर्माबरोबरच्या पत्रव्यवहारातून संभाव्यतेच्या गणिताचा पाया घातला. त्याच वर्षी २३ नोव्हेंबरच्या रात्री त्याला तीव्र धार्मिक अनुभव आला आणि पुढे तो धर्मचिंतनात रमला. तरी डोकं शांत बसलं नाही! मार्च १६६२ मध्ये त्याच्या कल्पनेतून पॅरिसमध्ये ठरलेल्या मार्गावर, ठरलेल्या वेळी धावणाऱ्या घोडागाड्या सुरू झाल्या. भाडं पाच सू. शहर बससेवेची ही पहिली सुरुवात मानली जाते. पाच महिन्यांनी, १९ ऑगस्ट १६६२ रोजी पास्कल गेला.

पास्कलचा नियम तुमच्या चाकापर्यंत कसा आला?

१७९५ मध्ये इंग्लंडच्या जोसेफ ब्रामाने याच तत्त्वावर हायड्रॉलिक प्रेस बनवला. अमेरिकेत माल्कम लॉकहीडने हायड्रॉलिक ब्रेक तयार केला आणि १९२१ च्या ड्यूसेनबर्ग गाडीत तो चारही चाकांना बसला. पेडल दाबलं की मास्टर सिलिंडरचा लहान दट्ट्या द्रव ढकलतो आणि चाकाजवळचा मोठा दट्ट्या ब्रेक पॅड डिस्कवर दाबतो.

आता तो लक्षात ठेवलेला मुद्दा. ताकद वाढवून घेतल्यामुळे चाकाजवळचा दट्ट्या अगदी थोडा सरकतो. पेडल पूर्ण दाबलं तरी ढकलला जाणारा द्रव थोडकाच असतो. द्रव दाबला जात नाही म्हणून तेवढा पुरतो. पण नळीत वाफेचा बुडबुडा असेल तर तो चेपतो आणि ढकललेला थोडासा द्रव त्याला चेपण्यातच खर्च होतो. पेडल खाली जातं आणि ब्रेक लागत नाही.

ही वाफ येते कुठून? आपल्या बहुतेक गाड्यांमध्ये डॉट ३ किंवा डॉट ४ ब्रेक ऑइल असतं. ते ग्लायकॉलवर आधारलेलं असतं आणि हवेतला ओलावा हळूहळू ओढून घेतं. नव्या डॉट ४ चा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो. त्यात सुमारे ३.७ टक्के पाणी मुरल्यावर तो १५५ अंशांपर्यंत खाली आलेला चालतो. डॉट ३ साठी हेच आकडे २०५ आणि १४० आहेत. आंबेनळीसारखा लांब घाट सतत ब्रेक दाबत उतरलात तर डिस्कची उष्णता द्रवापर्यंत पोहोचते आणि जुनं ऑइल उकळू शकतं. गंमत म्हणजे, गार झाल्यावर वाफेचा पुन्हा द्रव होतो आणि ब्रेक ठीक वाटतो. म्हणून गावातल्या रस्त्यावर ब्रेक मारून बघितला, ही काही खरी तपासणी नाही.

तपासायचं कसं?

- रंग: काळपट झालेलं ऑइल जुनं असल्याचा इशारा आहे. पण स्वच्छ दिसणाऱ्या ऑइलमध्येही पाणी असू शकतं, त्यामुळे नुसत्या रंगावर जाऊ नका.
- पेनसारखा टेस्टर: टोक ऑइलमध्ये बुडवलं की तो विजेच्या वहनावरून पाण्याचं प्रमाण सांगतो. हा अंदाज असतो. साधारण ३ टक्के दाखवलं तर बदलण्याची वेळ झाली समजा.
- उत्कलनबिंदू टेस्टर: हा ऑइल खरंच तापवून ते कधी उकळतं ते मोजतो. जास्त भरवशाचा हाच.
- पातळी: ऑइल मिनच्या खाली गेलं असेल तर नुसतं वरून ओतू नका. पॅड झिजलेत किंवा कुठे गळती आहे का, ते आधी बघा.

बदलताना काय बघायचं?

बऱ्याच कंपन्या दर दोन वर्षांनी बदलायला सांगतात. तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये जे असेल ते पाळा, गाडी कमी चालली असली तरीही. ग्रेड टाकीच्या झाकणावर लिहिलेला असतो. डॉट ५ सिलिकॉनचं असतं, ते डॉट ३ किंवा ४ मध्ये कधीही मिसळू नका. इंजिन ऑइल तर चुकूनही नको, त्याने रबरी सील फुगतात. डबा सीलबंदच घ्या, आधी उघडून ठेवलेल्या डब्यातल्या ऑइलने ओलावा ओढलेला असतो.

फक्त टाकीतलं ऑइल बदलून भागत नाही. प्रत्येक चाकाच्या निपलमधून नवं ऑइल येईपर्यंत जुनं काढावं लागतं, हवाही काढावी लागते. एबीएस असलेल्या काही गाड्यांना त्यासाठी स्कॅन टूल जोडावं लागतं. त्यामुळे अनुभव नसेल तर हे काम मेकॅनिककडूनच करून घ्या. ऑइल रंगावर सांडलं तर लगेच पाण्याने धुवा, नाहीतर रंग जातो.

पुढच्या सर्व्हिसिंगला ब्रेक ऑइल ठीक आहे एवढं ऐकून गाडी ताब्यात घेऊ नका. टेस्टर लावायला सांगा, आकडा स्वतः बघा आणि तारखेसकट फोनमध्ये नोंदवून ठेवा. म्हणजे पुढच्या वेळी तुलना करायला तुमच्याकडे आधीचं माप असेल.