बाकाबाईंनी पाहिलेली पाच राज्ये

पोळ्याचा दुसरा दिवस हा आम्हा नागपूरच्या पोरांचा खरा सण. संध्याकाळी तान्हा पोळा, लाकडी बैल सजवून दारोदारी बोजारा मागायचा. पण त्याआधी सकाळी मारबत! मी पाच-सहा वर्षांचा असेन. काकांच्या खांद्यावर बसून इतवारीत पहिल्यांदा काळी मारबत पाहिली. दुमजली घराएवढी उंच, बटबटीत डोळ्यांची ती बाई गर्दीतून डुलत येताना पाहून मी काकांचे केस घट्ट धरून ठेवल्याचे आठवते. घरी आल्यावर आजीला विचारले, ती कोण? आजीने निवडत असलेल्या तांदळावरून नजरही न उचलता सांगितले की ती बाकाबाई, महालातल्या वाड्यातली, इंग्रजांना फितूर झालेली. गावाबाहेर नेऊन तिला जाळतात, आणि तिच्याबरोबर रोगराईही जाते.

आजी तिचा उल्लेख एकेरीत करीत असे. सारे नागपूर करते. मला मात्र पुढे भोसल्यांचा इतिहास वाचायची सवय लागली आणि या बाईंना एकेरीत हाक मारणे जड जाऊ लागले. त्या निर्दोष होत्या असे मी म्हणणार नाही. पण एका आयुष्यात त्यांनी राज्यकारभाराच्या जितक्या तऱ्हा पाहिल्या, तितक्या फार थोड्यांच्या वाट्याला आल्या असतील.

शाळेत आपण प्राचीन ग्रीसचा इतिहास शिकतो. अथेन्समध्ये आधी राजे होते, मग उमराव कुळांची सत्ता आली. इ.स.पू. ५९४ च्या सुमारास सोलोनने जन्माऐवजी संपत्तीच्या प्रतवारीवर अधिकार वाटले. नंतर पिसिस्ट्राटसने सत्ता बळकावली, आणि इ.स.पू. ५०८ मध्ये क्लाइस्थेनीसने लोकशाहीचा पाया घातला. या साऱ्याला काही शतके लागली. आमच्या नागपुरात पाच राज्यपद्धती एका बाईच्या हयातीत येऊन गेल्या, आणि त्यांतल्या चार तर चाळीसच वर्षांत.

पहिले राज्य त्यांच्या यजमानांचे. दुसरे रघूजी भोसले १७८८ ते १८१६ नागपूरच्या गादीवर होते आणि बाकाबाई त्यांच्या लाडक्या राणी. कटकपासून वऱ्हाडापर्यंत पसरलेली ही दौलत होती. राजाचा शब्द हाच कायदा. पण तोही अगदी मोकळा नव्हे. सेनासाहेब सुभा हे पद सातारच्या छत्रपतींकडून आलेले, आणि इकडे नागपुरात गोंड राजाही नावापुरता होताच. पहिल्या रघूजींनी १७४३ मध्ये बुऱ्हाणशहाला नेमणूक लावून दिली, राजा ही पदवी त्याच्याकडे राहू दिली आणि कारभार आपल्याकडे घेतला. म्हणजे गादी एकाची आणि सत्ता दुसऱ्याची ही रीत इंग्रजांनी नागपुरात आणली असे नव्हे. भोसल्यांच्या घरातच ती सत्तर वर्षे सुखाने नांदत होती. बाकाबाईंना ती नक्कीच ठाऊक असणार, आणि त्यांचे पुढचे वागणे समजून घ्यायला मला तरी हीच किल्ली उपयोगी पडते.

१८०३ साली असई, अडगाव आणि गाविलगड येथे मार खाल्ल्यावर देवगावचा तह झाला. कटक गेले, वर्धा नदीपलीकडचा वऱ्हाड गेला, आणि इंग्रजांचा रेसिडेंट नागपुरात येऊन बसला. तरी तैनाती फौज मात्र रघूजींनी मरेपर्यंत स्वीकारली नाही. मार्च १८१६ मध्ये ते गेले.

गादीवर आले त्यांचे पुत्र परसोजी, शरीराने पंगू, कारभार करण्याजोगे नव्हतेच. बाकाबाईंनी रघूजींचा अनौरस मुलगा धर्माजी याला हाताशी धरून सूत्रे आपल्याकडे ठेवण्याचा यत्न केला. तो काही आठवडेच टिकला. पुतणे आप्पासाहेब यांनी धर्माजीला कैद केले, पुढे तो मारला गेला, आणि बाकाबाई बाजूला पडल्या. मे महिन्यात आप्पासाहेबांनी रेसिडेंट जेन्किन्सशी गुपचूप तैनाती फौजेचा तह केला. ज्या फौजेला रघूजींनी आयुष्यभर दाराबाहेर ठेवले, ती त्यांच्या मृत्यूनंतर दोन महिन्यांत साडेसात लाखांच्या वार्षिक खर्चासह आत आली. हे दुसरे राज्य. फितुरीचा हिशेब मांडायचाच तर तो इथून सुरू करावा लागेल. आणि हा तह बाकाबाईंनी केला नव्हता, सीताबर्डीचा वीर म्हणून ज्यांची आठवण आपण काढतो त्या आप्पासाहेबांनी केला होता. फेब्रुवारी १८१७ मध्ये परसोजी बिछान्यात मृत आढळले आणि आप्पासाहेब राजे झाले.

नोव्हेंबर १८१७ ची सीताबर्डीची लढाई नागपूरकरांना सांगायला नको. २६ आणि २७ तारखेला टेकडीभोवती झुंज झाली, डिसेंबरात पुन्हा लढाई होऊन शहर पडले. आप्पासाहेब पदच्युत झाले, प्रयागला नेत असताना वाटेत पहाऱ्यातून निसटले, आणि १८४० मध्ये जोधपूरला वारले. तेव्हापासून बर्डीच्या टेकडीवर किल्ला उभा आहे, आणि किल्ला ज्याचा राज्य त्याचे हा नियम पुढे शंभरावर वर्षे टिकला.

जून १८१८ मध्ये रघूजींचा लहानगा नातू, मुलीचा मुलगा, परसोजींच्या विधवेच्या मांडीवर दत्तक देऊन तिसरा रघूजी म्हणून गादीवर बसवला गेला. वाड्याचा आणि बाळराजाचा सांभाळ बाकाबाईंकडे आला. मुलखाचा कारभार जेन्किन्सकडे. त्याने परगण्यांवर इंग्रज अधिकारी नेमले, महसुलाची घडी बसवली, आणि १८२७ मध्ये या मुलखाचा असा तपशीलवार अहवाल लिहिला की आजही नागपूरचा अभ्यास त्याच्याशिवाय पुढे सरकत नाही. मोहर राजाची, हुकूम रेसिडेंटचा. पिसिस्ट्राटसनेही अथेन्समध्ये सोलोनचे कायदे आणि पदे तशीच राहू देऊन आपली हुकमत चालवली होती. फरक एवढाच की तो त्या गावचा होता. हे तिसरे राज्य आठ वर्षे चालले.

१८२६ च्या तहाने राजाकडे कारभार अंशतः परत आला आणि १८३० पर्यंत उरलेले प्रांतही मिळाले. हे चौथे राज्य. दरबार भरू लागला, पण सैन्याला आणि परराष्ट्र व्यवहाराला लगाम इंग्रजांचा. बाकाबाईंनी या काळात काय केले याविषयी लिहिण्याजोगे फारसे नाही. त्या म्हाताऱ्या होत गेल्या.

डिसेंबर १८५३ मध्ये तिसरे रघूजी पुत्राविना वारले. राण्यांनी दत्तकाचा हक्क सांगितला. लॉर्ड डलहौसीने तो मानला नाही आणि १८५४ मध्ये राज्य खालसा करून नागपूरवर कमिशनर नेमला. पुढचे प्रकरण वाचताना मी दरवेळी थांबतो. वाड्यातले हत्ती, घोडे, बैल सीताबर्डीला लिलावात मातीमोल विकले गेले. जवाहीर कलकत्त्याच्या बाजारात गेले. सामान हलवायला माणसे आली तेव्हा सत्तरी ओलांडलेल्या बाकाबाईंनी वाडाच पेटवून देण्याची धमकी दिली. राज्य गेले तेव्हा अर्ज-विनंत्या झाल्या. घरातले सामान जायला लागले तेव्हा ही बाई आगीची भाषा बोलली. त्यांच्या लेखी राज्य म्हणजे काय होते, ते मला यात दिसते. सामान शेवटी गेलेच, आणि वाडा त्यांनी पेटवला नाही.

तीन वर्षांनी १८५७ उजाडले. जूनमध्ये नागपुरात घोडदळाच्या एका पलटणीने शहरातल्या काही मंडळींच्या साहाय्याने उठावाचा बेत केला, तो फुटला, आणि त्यातल्या काहींना किल्ल्यावर फाशी दिले. त्या वेळी बाकाबाईंनी आपले सारे वजन इंग्रजांच्या पारड्यात टाकले. त्यांच्याकडे पाहून मराठी मुलूख शांत राहिला असे इंग्रजांनी स्वतःच नोंदवले आहे. लोकांच्या रागाचे कारण हे. आणि तो राग खोटा नाही. ज्यांनी आपली भांडीकुंडी विकली त्यांच्यासाठी का उभे राहायचे?

मला दिसते ते उत्तर असे की, त्यांना भोसल्यांचे नाव वाचवायचे होते. राज्य परत येणार नाही हे त्यांनी १८१७ मध्येच पाहिले होते. गोंड राजाचे घराणे राज्य गेल्यावरही कसे टिकले, तेही डोळ्यांसमोर होते. १८५८ मध्ये त्या गेल्या, ज्या वर्षी कंपनी सरकारही संपले. नंतर लॉर्ड कॅनिंगच्या काळात दत्तक जानोजींना मान्यता मिळाली, सातारा जिल्ह्यातले मूळ गाव देऊर आणि राजाबहादूर ही पदवी मिळाली. सौदा पुरा झाला. त्यात रयतेला काय मिळाले, हा प्रश्न पाचांपैकी एकाही राज्यात कोणी रयतेला विचारला नव्हता, आणि बाकाबाईंनीही विचारला नाही. त्यांचा खरा दोष मी मानतो तो हा.

अथेन्सची आठवण मला इथे पुन्हा होते. इ.स.पू. ३२२ मध्ये मॅसिडोनियाच्या अँटिपेटरने ते शहर जिंकले, म्युनिकिया नावाच्या टेकडीवर आपली फौज बसवली आणि गरिबांचा मताधिकार काढून घेतला. त्याच्याशी बोलणी करणारा फोकियन हा म्हातारा सेनापती. मॅसिडोनियाशी लढून निभाव लागणार नाही असे तो नेहमी सांगे. चार वर्षांनी लोकशाही पुन्हा डोके वर काढताच लोकांनी त्याला देशद्रोही ठरवून विष प्यायला लावले आणि त्याचे प्रेत हद्दीबाहेर टाकले. थोड्याच काळात त्याच अथेन्सकरांनी त्याच्या अस्थी सन्मानाने आणून त्याचा पुतळा उभारला.

नागपुरातही पुतळा उभारतात, पण दरवर्षी आणि जाळण्यासाठी. काळी मारबत १८८१ पासून निघते असे सांगतात, पिवळी १८८५ पासून. म्हणजे बाकाबाईंच्या पश्चात वीसेक वर्षांनी. सोबत बडग्या असतात, आणि त्यांच्यावर महागाईपासून मंत्र्यांपर्यंत सगळ्यांना टांगलेले असते. आप्पासाहेबांची मारबत मात्र कोणी काढत नाही.

मागच्या पोळ्याला मी नातीला घेऊन गेलो होतो. काळी मारबत वळणावर आली तशी तिने माझा हात घट्ट धरला आणि ही कोण म्हणून विचारले. मी तिला दुसऱ्या रघूजींपासून सांगायला सुरुवात केली. परसोजींपर्यंत आलो तोवर मिरवणूक पुढे निघून गेली होती, आणि तिला पिवळी पाहायची होती.