विल्सन आजाराला नाव देणारे डॉ. विल्सन

शाळेत हुशार असलेल्या मुलाचं अक्षर एकाएकी बिघडतं, बोलणं जड होतं, तोंडातून लाळ गळू लागते. घरचे आधी अभ्यासाचा ताण म्हणतात, मग मानसोपचार, कधी अंगारा-धुपारा. यामागे विल्सनचा आजार असू शकतो. मेंदूत आणि यकृतात तांबं साठत जाणारा हा आनुवंशिक आजार आहे.

डॉ. सॅम्युअल किनिअर विल्सन यांचा जन्म १८७८ साली अमेरिकेत न्यू जर्सीमध्ये झाला. वडील लवकर गेले आणि कुटुंब एडिनबरोला आलं. तिथे १९०२ मध्ये ते डॉक्टर झाले, पॅरिसमध्ये काही काळ शिकले आणि लंडनच्या क्वीन स्क्वेअरमधील नॅशनल हॉस्पिटलमध्ये रुजू झाले.

१९१२ मध्ये त्यांनी या आजारावर दोनशेहून अधिक पानांचा प्रबंध छापला. रुग्ण तरुण होते. हातपाय कडक आणि वाकडे, चेहऱ्यावर गोठलेलं हसू, घास गिळता येत नाही, शरीर सुकत चाललेलं. शवविच्छेदनात मेंदूचा एक ठरावीक भाग खराब झालेला दिसलाच, पण यकृतही पार आक्रसलेलं होतं, तेही बहुतेकांना जिवंतपणी यकृताचा त्रास जाणवलेला नसताना. बारकाईने पाहणाऱ्या डॉक्टरचं हे काम आहे.

तरी दोन गोष्टी त्यांच्या हातून निसटल्या. एकाच घरातली भावंडं आजारी पडतात हे त्यांनी नोंदवलं, पण आजार आनुवंशिक नाही, असं त्यांचं मत होतं. यकृतातलं एखादं विष मेंदूला मारतं, असा त्यांचा तर्क होता. आणि बुबुळाच्या कडेचं तपकिरी-हिरवट कडं त्या प्रबंधात नाही. आज निदानासाठी आम्ही आधी तेच शोधतो.

१९३७ मध्ये कर्करोगाने त्यांचं निधन झालं. तांब्याचा संबंध पक्का व्हायला १९४८ उजाडलं आणि पेनिसिलमाइन हे औषध १९५६ मध्ये आलं. त्यांच्या हयातीत या रुग्णांसाठी शुश्रूषेपलीकडे काही नव्हतं.

आपल्या मुंबईतही डॉ. दस्तूर आणि डॉ. वाडिया यांनी १९६८ मध्ये भारतातल्या सोळा कुटुंबांचा अभ्यास प्रसिद्ध केला होता, म्हणजे हा काही परदेशातला आजार नाही.

आज औषध आयुष्यभर चालतं. बरं वाटतंय म्हणून ते बंद केलं की काही महिन्यांत यकृत निकामी होऊ शकतं, हे मी प्रत्येक कुटुंबाला बजावतो. औषध सुरू केल्यावर काही रुग्णांची मेंदूची लक्षणं आधी वाढतात. तेव्हा घाबरून थांबू नका, तज्ज्ञांना लगेच कळवा. तांब्याच्या भांड्यातलं पाणी मात्र बंद करा, घरी कितीही आवडीने पीत असाल तरी.

आजार फार पुढे गेला असेल तर जिवाला मोठा धोका ठसका लागून होणाऱ्या न्यूमोनियाचा असतो. बसवून, दाट-मऊ घास, थोडा थोडा भरवा; जमत नसेल तर नळीचा विचार करा. कूस बदला, सांधे हलवत राहा. बोलता येत नसलं तरी त्याला बरंच समजत असतं, म्हणून उपचाराबद्दल त्याच्यासमोर, त्याला विचारून बोला. यकृत निकामी होत असेल तर प्रत्यारोपणाबद्दल वेळीच विचारा.

सख्ख्या भावंडांपैकी प्रत्येकाला हा आजार असण्याची शक्यता चारात एक असते. त्यांना काही त्रास नसला तरी रक्त, लघवी आणि डोळे तपासून घ्या.